आधी झील, मग गोंधळ

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रस्त्याच्या आतल्या गल्लीत औद्योगिक गाळ्यांची एक जुनी इमारत. खाली कुरिअरचं गोदाम. त्याला लागून छापखाना, सकाळपासून खडखडतोय. जुलैचा पाऊस आडवा येतोय. जिन्याच्या कठड्याला ओल्या छत्र्या लटकल्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला पाटी नाही. बाहेर चपलांचा ढीग असतो, त्यावरून आत किती मंडळी आहेत याचा अंदाज घ्यायचा. आज ढीग मोठा आहे. त्यात दोन जोड कोल्हापुरी, भिजून काळ्या पडलेल्या.

दार ढकललं की पुढे हातभर जागा आणि दुसरं दार. पहिलं पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा इथला नियम. मधल्या जागेत उभं राहिलं की छापखाना बंद पडला असं वाटतं. तो चालूच आहे. कानात दडे बसतात, आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. मग दुसरं दार उघडतं आणि चहा, उदबत्ती आणि जुना गालिचा यांचा एकत्र वास येतो.

बाहेरच्या खोलीत सोफा चौघांचा, बसलेत सहा जण. सेशन दहाचं, साडेअकरा होत आलेत. कुणालाच घाई नाही. वादकांचं निम्मं आयुष्य या सोफ्यावर जातं. एक जण पेपरातलं शब्दकोडं सोडवतोय. एकाने झांजा रुमालात गुंडाळून मांडीवर घेतल्यात, चुकून वाजू नयेत म्हणून. कोपऱ्यात हॅलोजनचा हीटर लावलाय. त्याच्यासमोर साठीचे एक काका उकिडवे बसलेत आणि संबळ फिरवून फिरवून शेकतायत. गावाकडे हे काम जाळावर होतं. इथे जाळ करायची सोय नाही, छताला धुराची घंटा आहे.

काका कातड्यावर टिचकी मारतात. टप्प. अजून बसकाच. पावसाळी हवेत कातडं ओल धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. आत एसीची हवा कोरडी. म्हणजे बाहेर नेमका लावलेला सूर आत गेल्यावर दहा मिनिटांत आणखी चढणार. काका दोन्ही हवांचा हिशेब करून सूर जरासा कमीच ठेवतायत. मीटर नाही, तानपुरा नाही. टिचकी आणि कान.

आजचं गाणं एका मराठी चित्रपटातलं, देवीपुढचा गोंधळ. पडद्यावर मध्यरात्र असेल, दिवट्या पेटलेल्या असतील, गाव गोलाकार बसलेलं असेल. इथे ट्यूबलाइट आहे आणि टेबलावर ग्लुकोज बिस्किटांचा फोडलेला पुडा.

कंट्रोल रूममध्ये उजेड कमी. समोर जाड दुहेरी काच, थोडी तिरकी बसवलेली. आवाज काचेवर सरळ आपटून सरळ परत येऊ नये म्हणून ही तिरकी. पलीकडच्या मोठ्या खोलीच्या भिंतीही त्याच कारणाने एकमेकींना समांतर नाहीत. डोळ्यांना हे कळत नाही. टाळी वाजवली की कळतं. टाळी तिथल्या तिथे विरून जाते, मागे काही उरत नाही.

मॉनिटरवर आडव्या पट्ट्या मांडल्यात. सनई, बासरी, व्हायोलिन, कीबोर्ड. ही मंडळी आधीच येऊन गेली आहेत. येऊन गेली म्हणजे फायली आल्यात. सनई पुण्याहून आली, वादकाने घरीच वाजवून पाठवली. व्हायोलिनचा अख्खा ताफा कीबोर्डच्या पोटातून निघालाय. बजेट मोठं असतं तर बुडापेस्टच्या वाद्यवृंदाने इंटरनेटवर बसून वाजवून दिला असता, तसं हल्ली होतं. मुख्य आवाजाच्या पट्टीत सध्या संगीतकारच गातोय. हा स्क्रॅच, म्हणजे कच्चा आवाज. बाकीच्यांना गाणं कुठे चाललंय ते कळावं एवढ्यापुरता, नंतर पुसायचा. गायिका संध्याकाळी येणार आहे.

रेकॉर्डिस्ट तिशीतला. सगळे त्याला दादा म्हणतात, त्याच्या दुप्पट वयाचेसुद्धा.

काका आत जातात. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ती ते पायाने बाजूला सारतात. "बसून संबळ वाजत नाही, दादा. कमरेला बांधणार." मग माईकचे स्टँड वर घ्यावे लागतात. लहान भांड्याला एक एसएम 57, मोठ्याला एक. 1965 साली आलेला हा माईक दणकट, पडझड सोसतो, काडीचा मार सोसतो. वर, चारेक फुटांवर, तिसरा, यू 87. हा 1967 सालचा आणि नाजूक. आत सोन्याचा मुलामा दिलेला, केसाहून कितीतरी पातळ पडदा असतो. त्याला 48 व्होल्ट लागतात, ते आवाजाच्या केबलमधूनच जातात. गालिच्यावर पांढऱ्या टेपच्या दोन फुल्या चिकटवल्या जातात. काकांनी पाय तिथेच ठेवायचे. वीतभर पुढेमागे झालं तरी माईकला आवाज वेगळा लागतो. गोंधळात हा माणूस रात्रभर नाचतो.

"वाजवा काका, नुसती लेव्हल घेतो."

काका वाजवतात. दादा गेनचं बटण फिरवतो आणि लाल दिवा कुठे लागतो ते बघतो. मग ते आणखी थोडं खाली आणतो. लेव्हल देताना सगळेच हात राखून वाजवतात. टेक सुरू झाला की अंगात येतं. ही खालची जागा त्या अंगात येण्यासाठी राखून ठेवायची.

तीन माईक एकत्र सोडले आणि संगीतकाराचा चेहरा पडतो. मोठ्या भांड्याची धूम कुठे गेली? एकेक माईक वेगळा ऐकला तर आहे. एकत्र ऐकला तर गायब. हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिलाय आणि दर वेळी मौज वाटते. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. एकाच ठोक्याची लाट खालच्या माईकला आधी लागते, वरच्याला तीन-चार मिलिसेकंदांनी. एकीचा चढ दुसरीच्या उतारावर आला की दोघी एकमेकींना खातात. दादा फेजचं बटण दाबतो. ते वरच्या माईकची लाट उलटी करतं. धूम परत येते, छातीत लागते. पण आता काडीची टोकदार टक बोथट झाली. तो उठतो, दोन दारं ओलांडून आत जातो, वरचा माईक वीतभर सरकवतो, दोन दारं ओलांडून परत येतो. ऐकतो. पुन्हा जातो. या खेपेला दोन बोटं खाली. संगीतकार डोळे मिटून मान डोलावतो. "आला."

यात पाऊण तास गेला. एक सूर रेकॉर्ड झालेला नाही.

पुढची अडचण क्लिकची. हेडफोनमध्ये टिक टिक वाजत असते, सगळ्यांनी तिच्यावर वाजवायचं. म्हणजे पुण्याची सनई आणि अंधेरीचा संबळ एकाच जागी समेवर येतात. काका दोन आवर्तनं वाजवून थांबतात. टॉकबॅकवर त्यांचा आवाज येतो, "हे टिकटिक्या मागं ओढतंय." बरोबरच आहे. गोंधळाची लय चढत जाते. सुरुवातीला पावलं मोजून पडतात आणि शेवटाला देवी अंगावर येते. घड्याळाच्या टिकटिकीला देवी नसते. प्रोग्रामर तरुण पोरगा आहे, त्याने याची तजवीज केलीय. त्याने लयीचा नकाशाच आखलाय, मिनिटाला 104 ठोक्यांपासून 122 पर्यंत, थोडी थोडी चढती. पण चढ कुठे यायचा हे त्याने माउसने ठरवलंय आणि काकांच्या हाताला तो चढ तिसऱ्या कडव्याच्या आधीच हवाय. दोघं काचेच्या दोन बाजूंनी बोलतात. पोरगा "सर" म्हणतो, काका "बाळा" म्हणतात. नकाशातला डोंगर आठ आवर्तनं अलीकडे सरकतो.

तरी टिकटिक नकोच. मग तोडगा निघतो. आधी तुणतुण्यावाल्याला आत घ्यायचं, क्लिकवर त्याचं पूर्ण गाणं भरून घ्यायचं आणि काकांच्या कानात फक्त ते तुणतुणं सोडायचं. तुणतुणेवाला शब्दकोडं अर्धवट ठेवून उठतो. एक तार, एक काडी, पाच मिनिटांचं गाणं. तो एकदाच वाजवतो आणि बाहेर येऊन कोडं पुढे चालू करतो. एवढ्या स्वच्छ हाताचं या खोलीत कुणी कौतुक केलं नाही, मला ते जरा लागलं.

आता काका. एसी बंद होतो. चालू असला की त्याची बारीक घरघर माईकमध्ये येते. "रोलिंग." दाराबाहेरचा लाल दिवा लागतो. बाहेरच्या खोलीत कप खाली ठेवायचा आवाजही थांबतो.

पहिल्या टेकमध्ये मधूनच काहीतरी किणकिणतं. दादा थांबवतो. ट्रॅक एकटा ऐकतो. काडीच्या ठोक्यामागे बारीक, कोरडा खुळखुळाट. काकांच्या गळ्यातली कवड्यांची माळ. ती उतरवायला कुणी सांगत नाही. काका स्वतःच बंडीची वरची बटणं सोडतात, माळ आत घेतात आणि वरून मफलर घट्ट आवळतात. बंद एसीत, बंद खोलीत, मफलर. दुसऱ्या टेकला त्यांच्या कपाळावरून घाम भुवयांत उतरताना काचेतून दिसतो. तिसऱ्याला काडीचा हात निसटतो. मग एसी पंधरा मिनिटं चालू, पाणी, सूर पुन्हा तपासायचा. कातडं चढलंय. ओल्या बोटाने ते जरा उतरवतात.

चौथा टेक. मॉनिटरवर पट्टी सरकत जाते आणि प्रत्येक ठोक्याचा फुगवटा उमटत जातो, शेवग्याच्या शेंगेवरच्या गाठींसारखा. दर सेकंदाला 48,000 वेळा आवाज मोजला जातो आणि आकड्यात उतरतो. एका माईकचं एक मिनिट म्हणजे साडेआठ एमबीच्या आसपास. शेवटच्या चढाला काकांचा डावा पाय फुलीवरून उठतोच. वरच्या माईकमध्ये तो ऐकू येतो, गालिच्यावरची दबकी थाप. दादा संगीतकाराकडे बघतो. संगीतकार हाताने खूण करतो, चालू दे.

जेवणाला डबे येतात. बटाट्याची भाजी, पोळ्या, झुणका. नोटेशन लिहिणारे गृहस्थ सत्तरीचे आहेत. ताडदेव-महालक्ष्मीच्या मोठ्या हॉलमध्ये त्यांनी व्हायोलिन वाजवलंय. तेव्हा एका गाण्याला साठ-सत्तर वादक, कधी शंभरावर. सगळे एकाच वेळी, एकाच छपराखाली, गायक काचेच्या बूथमध्ये. दिवसभर तालमी आणि संध्याकाळी फायनल टेक. शेवटच्या ओळीला कुणा एकाचा गज चुकला की शंभर जणांनी पहिल्यापासून. "चुकणारा कोण ते सगळ्यांना माहीत असायचं," ते पोळी मोडत सांगतात, "पण नाव कुणी घेत नव्हतं." पुढे दोन इंची टेप आली, 24 ट्रॅकची. हळूहळू वादक वेगवेगळ्या दिवशी येऊ लागले. 2,500 फुटांचं रीळ, सेकंदाला 30 इंच या वेगाने साडेसोळा मिनिटांत संपायचं. रीळ महाग. म्हणून टेक कमी, तालीम जास्त. आता डिस्कमध्ये जागाच जागा आहे. काकांचे पहिले तीन टेक तसेच पडलेत, कुणी पुसणार नाही. ऐकणारही नाही.

दुपारी झीलकरी येतात. चौघं. दोघं सोलापूरकडचे, दोघं इथलेच, कोरसमध्ये गाणारे. गोंधळात मुख्य गोंधळी ओळ टाकतो आणि मागचे तिची झील ओढतात. तो कुठे थांबतो, श्वास कधी घेतो, आज किती रंगलाय, हे बघून मागचे उचलतात. त्यांचे डोळे त्याच्या पाठीवर असतात. आज पाठ नाही. आज ओळ टाकणारी बाई अजून घरून निघालेली नाही. म्हणजे झील आधी आणि ओळ मागून. सोलापूरचे बुवा हे दोनदा विचारून घेतात. "म्हणजे आम्ही उत्तर देऊन जायचं आणि ताई नंतर येऊन हाक मारणार?" हो, बुवा. "बरं."

पट्टी काळी चार, गायिकेच्या सोयीची. बुवांच्या गळ्याला चढी पडते. त्यांना त्याचं काही नाही, मैदानात माईकशिवाय गाणारे गळे आहेत. चौघं एका माईकभोवती उभे राहतात. हेडफोन एका कानावर, दुसरा कान उघडा. शेजाऱ्याचा सूर उघड्या कानाने ऐकायचा, गाणं झाकल्या कानाने. नायलॉनचा कुर्ता घातलेल्याला दादा कोपर अंगाशी लावून उभं राहायला सांगतो, कापड सळसळतं. कागद हातात नको. शब्द स्टँडवर, खाली टॉवेल अंथरलेला.

पहिला "उदो" येतो आणि कंट्रोल रूमच्या स्पीकरमधून अंगावर काटा येतो. आवाज फार भारी नाही, पण चौघं एकाच क्षणी सुटलेत.

आता याची जत्रा करायची. तेच गाणं पुन्हा गायचं, पहिल्यावर दुसरा थर. या वेळी चौघं दोन पावलं मागे. तिसऱ्या वेळी जागा बदलून. चौथ्या वेळी संगीतकार सांगतो, एकाने म्हाताऱ्याचा आवाज काढा, एकाने पोरासारखं गा. पाचव्या वेळी भिंतीकडे तोंड करून. सहाव्या वेळी "सुराकडे बघू नका, नुसतं ओरडा." चार जण, सहा थर, चोवीस गळे. यंत्राने एकाच आवाजाच्या सहा नकला करता येतात, बटण दाबायचा अवकाश. पण नक्कल मूळ आवाजावर तंतोतंत बसते आणि ऐकताना माणसं वाढत नाहीत, तोच आवाज मोठा होतो. माणसं वाढायला थोडं मागेपुढे, थोडं वरखाली व्हावं लागतं. बुवा हेडफोन काढून बाहेर येतात, सगळे थर एकत्र ऐकतात. "किती माणसांची जत्रा झाली?" चोवीस. ते नाक मुरडतात. "आमच्याकडं याहून जास्त लोक नुसते चहाला असतात."

दादा फायलीला नाव देतो: "झील_डबल_6". नाव देणं हे या धंद्यातलं फार जुनं काम. 1902 साली कोलकात्यात भोंग्यापुढे गाणं भरलं गेलं, तेव्हा गाणारी शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यातले काही सेकंद नावाला. तबकड्या दाबल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला काय कळणार, ही कोण आणि ती कोण. इथे दादाने नाव चुकीचं टाकलं तर रात्री झीलच्या जागी झांज वाजेल.

चार वाजता झांज होते. पाच वाजता हलगी. मग थांबणं. गायिकेचा फोन येतो, जोगेश्वरीला पाणी तुंबलंय. झीलकरी पाकिटं घेऊन निघतात. काका संबळाला रेक्झिनच्या पिशवीत घालतात, आत वर्तमानपत्र कोंबतात. रात्रीच्या गाडीने सोलापूर. जाताना ते कन्सोलवरच्या गणपतीला नमस्कार करतात आणि सरस्वतीच्या फोटोवरची धूळ बोटाने पुसतात. गायिकेची आणि त्यांची भेट होत नाही. ती यायला अजून दोन तास आहेत.

साडेआठला ती येते, केस भिजलेले. आधी गरम पाणी. मग हातातल्या बांगड्या उतरवून बशीत. घड्याळ, पैंजण. फोन बाहेर. बूथ लहान आहे, कपाटाहून थोडा मोठा. आत दिवा पिवळा. माईकसमोर गोल जाळी, पॉप फिल्टर. तिने शब्दांच्या कागदावर पेन्सिलीने श्वासाच्या जागा केल्यात, तिरक्या रेघा.

पहिल्याच ओळीला ती थांबते. "मला माझाच आवाज मागून येतोय." दिवसभरात इतके ट्रॅक साठलेत की यंत्र दमू नये म्हणून दादाने बफर 512 वर ठेवला होता. आवाज आत जाऊन तिच्या कानात परत यायला वीसेक मिलिसेकंद लागत होते. बोलताना एवढ्याने काही बिघडत नाही. गाताना पाय अडखळतो. बफर 128. "आता?" आता ठीक.

मग "भवानी". मराठीत देवीला हाक मारायची तर भ, फ, ध या अक्षरांपासून सुटका नाही आणि माईकला नेमकी हीच अक्षरं सोसत नाहीत. भ म्हणताना ओठांतून हवेचा लोट जातो, पडद्यावर आदळतो. भद्द. जाळीने निम्मा अडतो. दादा माईक तिच्या नाकाच्या उंचीवर घेतो, थोडा बाजूला वळवतो. तरी भद्द. तिला हे नवीन नाही. ती फक्त त्या एका अक्षराला मान डावीकडे झुकवते, भ भिंतीला देते आणि "वानी" माईकला. ऐकताना कळतही नाही. कितीतरी वर्षांची कारागिरी त्या अर्ध्या इंचाच्या हालचालीत आहे.

दुसऱ्या कडव्यात अडतं. शेवटचा शब्द "पोत". तिला तो लांबवायचाय. सूर लागलाय, तार सप्तकात टिकलाय, अजून अर्धं आवर्तन सहज जाईल. पण झील येते. दुपारी तीनला दिलेलं उत्तर रात्री नऊला बरोबर ठरल्या ठोक्यावर येऊन तिचा सूर कापतं. ती पुन्हा गाते. पुन्हा कापला जातो. "यांना जरा थांबायला सांगा ना," ती म्हणते आणि मग स्वतःच हसते. कुणाला सांगणार. ते आत्तापर्यंत ठाण्याच्या पुढे गेले असतील.

सांगणं दादाच्या हाती आहे. तो झीलचे सहाही थर निवडतो आणि एक आवर्तन पुढे सरकवतो. आता मधे रिकामी जागा पडली. तिथे संबळ हवा, तुणतुणं हवं. तो काकांच्या दुसऱ्या टेकमधून, त्याच लयीच्या जागेवरून, एक आवर्तन उचलतो आणि इथे बसवतो. सांध्यावर दहा मिलिसेकंदांची कात्री. जोड ऐकू येत नाही. हात काकांचाच, पण हे आवर्तन त्यांनी इथे वाजवलेलं नाही. सनईलाही सरकावं लागतं. सगळं गाणं एक आवर्तन लांब झालं. दिग्दर्शकाला उद्या चित्रीकरणाचा हिशेब बदलावा लागेल, तो कपाळाला हात लावतो. मला मात्र हा दिवसातला सगळ्यात गोंधळासारखा क्षण वाटतो. झील अखेर गाणाऱ्याच्या श्वासासाठी थांबली, मग माउसने का होईना.

"पोत" आता पूर्ण वाढतो.

ती पाचदा अखंड गाते, मग तुकड्यांनी. "दुसऱ्या ओळीला पंच देतो, आधीपासून गात या." दोन आवर्तनं आधीपासून गाणं सुरू होतं, ती सोबत गात येते, नेमक्या शब्दाला लाल पट्टी सुरू होते. ती गेल्यावर निवड होते. पहिली ओळ तिसऱ्या टेकची. "आई" पाचव्याचा, कारण तिथे तिचा आवाज किंचित फाटलाय. दिग्दर्शकाला गुळगुळीत हवाय, संगीतकाराला फाटका. संगीतकार जिंकतो. सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर 1997 साली आलं, आता ते प्रत्येक यंत्रात आहे. दादा ते उघडतो आणि आपोआप चालणारं बटण लगेच बंद करतो. ते सुरांना बारा पायऱ्यांवर आणून बसवतं. मींड ही त्याच्या लेखी चूक. तो एकच सूर धरतो, जरा उतरलेला, आणि हाताने वर उचलतो. बाकी कशाला हात लावत नाही.

मग मोठ्या स्पीकरवर सगळं एकत्र. सगळे माना हलवतात. दादा कुणाच्या माना बघत नाही. तो आपला फोन काढून टेबलावर पालथा ठेवतो आणि गाणं त्यातून लावतो. लोक इथूनच ऐकणार. धूम नाहीशी झाली. एवढ्याशा स्पीकरला खालचे सूर झेपतच नाहीत. तो मोठ्या भांड्याच्या ट्रॅकची एक प्रत काढतो, तिला थोडी खरखर देतो, म्हणजे वरचे उपसूर तयार होतात. फोन उपसूर वाजवतो आणि खालचा सूर आपला कान भरून काढतो. पुन्हा लावतो. धूम आहे.

"संबळ अजून वर," दिग्दर्शक म्हणतो.

"वर घेतला तर शब्द जातील," संगीतकार.

"मग शब्द वर."

"मग झील बुडेल."

साडेबारा वाजलेत. डिलिव्हरीवाला पोरगा पावभाजी घेऊन दोन दारांच्या मध्ये अडकलाय, त्याला नियम माहीत नाही. दादा काही बोलत नाही. तो सनईची पट्टी पकडतो आणि दोन डीबी खाली ओढतो. संबळाला हात न लावता संबळ पुढे आला. दिग्दर्शक मान डोलावतो. "हेच म्हणत होतो मी. आता मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक." दादा त्याला सांगतो की ते रफ आहे, मिक्स नाही, कुणाला ऐकवू नका. दिग्दर्शक निर्मात्याचा नंबर शोधू लागतो.